बीजगणित आणि आबांची मिशी

"हात आत घाल, पण घाई करू नकोस," शेख डॉक्टर म्हणाले. "आता काय लागतंय ते सांग."

"मऊ लागतंय काय तरी."

"मऊ तर सगळंच असतं गं. टोक शोध. खूर लागतोय का?"

आमची चांदी नावाची शेळी पहाटेपासून अडली होती. अंगणात गोणपाटावर ती आडवी पडली होती, आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि कोपरापर्यंत साबण चोळलेला माझा उजवा हात अर्धा तिच्या पोटात होता. शेख डॉक्टर आमच्या भागातले गुरांचे डॉक्टर. त्यांचा पंजा फावड्याएवढा. म्हशीला तो चालायचा, पण पहिलटकरीण शेळीला कसा चालणार? म्हणून त्यांनी आल्या आल्या मलाच हात धुवायला लावले होते. मी नुकतीच नववीत गेले होते. भीती वाटत होती का? अजिबात नाही. मला इतका आनंद झाला होता, की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"एक खूर हाय," मी म्हणाले. "डोस्कंबी हाय. दुसरा पाय घावत न्हाई."

"मागं दुमडला असणार. हळूच मागं जा. गुडघा लागला की खाली सरक, खूर मुठीत झाक आणि मग पुढं आण. मूठ सोडायची नाही. पिशवीला खूर लागता कामा नये."

आबा, म्हणजे माझे वडील तातोबा मेटकरी, दावणीपाशी उभं राहून बघत होते. जिवाला घोर लागला की ते मिशीची दोन्ही टोकं दोन हातांनी धरायचे, सायकलचं हँडल धरावं तशी. आत्ताही धरली होती. आबांच्या मिशीबद्दल पुढं सांगायचंच आहे, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळंच घडली.

खूर मुठीत आला. मी तो पुढं आणला, चांदीनं एक जोराची कळ दिली आणि चिकट, काळंपांढरं पिल्लू माझ्या हातावरून गोणपाटावर आलं. आईनं त्याचं नाक पुसलं. ते शिंकलं. मागोमाग दुसरं पिल्लू आपलं आपण बाहेर पडलं.

"याला डॉक्टरची गरजच नव्हती," शेख डॉक्टर म्हणाले आणि मोठ्यानं हसले. "तातोबा, पोरीच्या हाताला यश आहे बघा. डॉक्टर करा हिला."

"आवं, करायचीच की!" आबांनी मिशी सोडली. "सगळ्या वाडीला ठावं हाय, आमची कौशी गुरांची डॉक्टर व्हनार. तुमची खुर्ची घेनार ती."

माझं नाव कौसल्या, आजीचं ठेवलेलं. ते पूर्ण म्हणायला घरात कुणालाच सवड नव्हती, म्हणून कौशी. गुरांची डॉक्टर व्हायचं हे मी दुसरीत असल्यापासून सांगत होते आणि आबा ते माझ्यापेक्षा मोठ्यानं सांगत होते.

चहा आला. डॉक्टर बशीत ओतून फुंकर मारत म्हणाले, "नववीत गेली ना? आता गणिताकडं लक्ष दे बरं का. बीजगणिताला घाबरायचं नाही."

"बीजगनित न्हाईच तिला," आबा खुशीत म्हणाले. "सामान्य गनित घेतलंय. सोप्पं असतंय. मीच सांगितलं. घरटी फिरून सांगितलंय म्या, निम्म्या वर्गाला तेच दिलंय."

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली.

"तातोबा, सामान्य गणित घेतलं तर हिला अकरावीला सायन्स मिळत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे आर्ट्स मिळेल, कॉमर्स मिळेल. सायन्स नाही. आणि सायन्स नाही तर गुरांची डॉक्टर नाही, माणसांची नाही, इंजिनिअर नाही. डिप्लोमासुद्धा नाही. दहावीला नव्वद टक्के पडले तरी नाही."

माझ्या हातावर चांदीचा चिकटा अजून वाळायचा होता. त्या काही वर्षांत नववीला गणित दोन तऱ्हांचं मिळायचं. एक बीजगणित आणि भूमिती, दुसरं सामान्य. सर्टिफिकेट एकच, मग अवघड कशाला घ्यायचं, असं आम्हांला सगळ्यांनीच सांगितलं होतं. पुढच्या वाटा त्यानं बंद होतात हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"बदलता येईल," डॉक्टर म्हणाले. "शाळा सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नाही. हेडमास्तरांना भेटा."

आबांनी मान हलवली. पण त्यांचे दोन्ही हात पुन्हा मिशीकडं गेले.

आता मिशीचं सांगते. आमच्या हिवरवाडीत बघण्यासारख्या दोन गोष्टी होत्या, बिरोबाचं देऊळ आणि आबांची मिशी. तिला रोज सकाळी खोबरेल लागायचं, खिशात तिच्यासाठी वेगळी फणी असायची. ताक प्यायल्यावर आई न चुकता म्हणायची, "एक वाटी पोटात गेली, एक वाटी मिशीत ऱ्हायली." लग्नपत्रिका द्यायला येणारे नवखे लोक आमचं घर विचारायचे नाहीत, मिशीवाल्यांचं घर विचारायचे.

गावात शाळा सातवीपर्यंतच होती. ती दहावीपर्यंत वाढवायला आबांनी चपला झिजवल्या. मंजुरी आली, आबा शाळा समितीचे अध्यक्ष झाले, आणि दहावीला बसणारी पहिली बॅच आमची ठरली. शेजारच्या करगावचं हायस्कूल जुनं, तिथले चेअरमन संपतनाना. त्यांना हे रुचलं नाही. मे महिन्यात बिरोबाच्या यात्रेत, भर मांडवात, ते आबांना म्हणाले, "तातोबा, शाळा काढलीस खरी. पण पास कोन व्हनार, मेंढरं?"

मांडव हसला. आबा उठले, देवळात गेले आणि भंडारा उचलला. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती तळहातावर घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं माणूस मागं घेत नाही, मग घर गेलं तरी चालेल. आबा म्हणाले, "पयल्या बॅचचा निकाल शंबर टक्के लागंल. येक जरी पोरगं नापास झालं, तर करगावच्या यष्टी स्टँडवर बसून ही मिशी उतरवीन."

त्या दिवसापासून गावाला शंभर टक्क्यांनी पछाडलं. जी पोरं गणितात कच्ची, त्यांना सामान्य गणित द्यायचं, म्हणजे धोकाच नको, ही युक्ती निघाली. आबा दारोदार फिरले. लोकांनी आनंदानं ऐकलं. आपल्या पोराच्या परीक्षेवर एवढी मोठी मिशी लागलीय, याचा सगळ्यांना अभिमानच वाटत होता. आणि कच्च्यांमध्ये मी होते. आठवीला गणितात मी काठावर पास झाले होते. शिकवायला वर्षभर मास्तरच नव्हते, पण ते कोण लक्षात घेतो?

डॉक्टर गेल्यावर आई पिलांना चांदीच्या आचळाला लावत म्हणाली, "मग? सरास्नी भेटायला कवा जाताय?"

"जातो की."

"कवा?"

"आगं, जातो म्हनलं न्हवं? पोरीनं अवघड गनित घेतलं आन नापास झाली तर?"

"तर काय व्हईल? मिशी जाईल. मला ताक तरी कमी लागंल."

आबा हसले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, खरंच नाही. मला मिशीचा राग आला. कुणी झोपेत कातरून टाकेल तर बरं होईल, असं मनात आलं आणि मग माझं मलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन शाळेत गेले. हेडमास्तर देशमाने सर म्हणजे शांत, नीटनेटका माणूस. आबांना ते नावानं हाक मारत नसत.

"या अध्यक्ष. बसा. कौसल्या, तू उभी राहा."

आबांनी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"डॉक्टर बरोबर बोलले," ते म्हणाले. "नियम तसाच आहे."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"होतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"अध्यक्ष, खरं सांगू? आपल्या गावातून सायन्सला जाणार कोण आहे? पोरी दहावी झाल्या की लग्नाला उभ्या राहतात. पोरं बँडबाजाला नाहीतर मेंढरांमागं जातात. त्यांना सायन्सचं काय करायचंय? पास झाली तर निदान आनंदानं घरी बसतील."

"मी जानार हाय," मी म्हणाले.

"कौसल्या, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

"पन मीच जानार हाय, म्हंजे मीच सांगाया पायजे की, सर."

आबांनी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. ते हसत होते हे मला ठाऊक होतं. सरांना हसू आलं नाही. त्यांनी आवाज खाली आणला.

"हे बघा. विषय बदलता येतो. शनिवारी यादी वर जायची आहे, त्याच्या आत सांगा. पण तुमची मुलगी आठवीला काठावर आहे. बीजगणितात ती अडकली तर शंभर टक्के गेले. अध्यक्षांच्याच मुलीमुळं गेले. भंडारा तुम्ही उचललाय, मी नाही. मिशीचा विचार करा."

मी त्यांच्या हातांकडं बघत होते. ते मांडीवर होते. मग एक वर गेला, मग दुसरा, आणि मिशीची दोन्ही टोकं त्यांनी धरली.

"उद्या सांगतो," आबा म्हणाले.

आम्ही घरी निघालो. एरवी आबांबरोबर चालायचं म्हणजे दहा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ओट्यावरून कुणीतरी हाक मारणार आणि आबा त्याला दुप्पट मोठ्यानं ओ देणार. त्या दिवशी ते मान खाली घालून चालले होते. बिरोबाच्या देवळापाशी पुजारी झाडलोट करत होता. त्यानं खराटा टेकवून हाक मारली, "काय तातोबा, शंबर टक्के न्हवं?"

"शंबर टक्के," आबा म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले की पुजाऱ्याला ऐकूच गेलं नसावं.

माझे आबा असे कधी चालत नसत. मांडवात उठून संपतनानांना उत्तर देणारा माणूस, आणि माझ्या एका विषयापायी असा खाली बघून चाललाय. मला रडू यायला लागलं, ते मी गिळलं आणि म्हणाले, "आबा, ऱ्हाऊ द्या. मी सामान्यच घेते."

ते थांबले. "का गं?"

"मला तसंबी गनित जमत न्हाई."

"जमत न्हाई?"

"न्हाई. आन डॉक्टर व्हयाचं म्हंजे लई शिकाया लागतंय. मला नगं."

आबांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी धुळीत अंगठ्यानं रेघ ओढत राहिले.

"तू घरला जा," ते म्हणाले. "आईला म्हनावं, भाकरीला थांबू नगं. मला काम हाय." आणि ते वळून फाट्याकडं गेले, जिथून यष्टी मिळते.

घरी येऊन मी पिलांजवळ बसले. आईनं दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा काही नाही म्हणाले. सामान्य गणिताचं पुस्तक काढलं आणि पहिलं उदाहरण बघितलं. ते सोपं होतं. सोपं आहे याचाच मला इतका राग आला, की पुस्तक मिटून मी ते पाट्याखाली ठेवून दिलं.

दिवस कलला तेव्हा शेख डॉक्टरांची खडखडी मोटारसायकल दारात आली. मागं आबा बसले होते. त्यांनी टॉवेल नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळला होता. आमचं वाघ्या कुत्रं धावत आलं आणि आबांवर भुंकायला लागलं.

"ए, मी हाय की," टॉवेलातून आबा म्हणाले. वाघ्या आणखीनच भुंकला.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "दाढ दुकती का काय?"

आबांनी टॉवेल काढला.

आई तांब्या धरून तशीच उभी राहिली. ओठावरची कातडी पांढरीफेक होती. जन्मात कधी ऊन बघितलं नव्हतं तिनं. बाकी सगळा चेहरा करपलेला आणि मध्ये हा पट्टा. वरचा ओठ मी पहिल्यांदाच बघत होते. तो बारीक होता. आबा एकदम लहान दिसत होते, नव्या शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखे.

"कोन वो तुमी?" आई म्हणाली.

"आगं ए!"

"लगीन झाल्यापासनं पयल्यांदा बघतीया मी हे तोंड. आदी दावलं असतंत तर इचार करून हुकार दिला असता की!" आणि ती हसायला लागली. तांब्यातलं पाणी सांडलं, तरी ती हसत होती. पायरीवर बसून, पदर तोंडात घालून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. डॉक्टर तर आधीच हसत होते.

"मी करगावच्या दवाखान्यातून निघालो होतो," ते सांगायला लागले. "स्टँडवर ही गर्दी! म्हटलं अपघात झाला का काय. बघतो तर मधोमध तातोबा खुर्चीवर. न्हावी हात जोडून उभा, म्हणतोय, तातोबा, माझ्या हातनं हे पाप नको. संपतनाना धावत आले. म्हणाले, अरे, परीक्षा अजून दोन वर्षांवर आहे! आणि तुमचा हा नवरा काय म्हणाला माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाला, नाना, दोन वर्षं कोण वाट बघतो. आत्ताच हरून टाकतो."

आता मी हसावं की रडावं हेच मला कळेना. दोन्ही एकदम व्हायला लागलं. आबा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी सवयीनं दोन्ही हात वर नेले. तिथं धरायला काही नव्हतं. त्यांनी हात खाली आणले आणि माझ्या डोक्यावर ठेवले.

"बोललो तसं केलं. तितंच केलं, स्टँडवर," ते म्हणाले. "देवाला आगाव दिलेलं चालतंय. पुजाऱ्याला इचारलंय म्या येताना. आता सांग, सामान्य गनित कशापायी घेशील? मिशी वाचवाया? मिशीच न्हाई."

"आन मी नापास झाले तर?"

"हो की! मनासारकी हो. माझं काय जानार हाय आता?"

मी त्यांच्या गळ्यात पडले. ओठावरची ती नवी कातडी माझ्या कपाळाला लागली. ती गार आणि गुळगुळीत होती.

सकाळी आबा टॉवेल न घेता गावातून चालत शाळेत गेले, मला शेजारी घेऊन. प्रत्येक ओट्यावर माणसं उभी राहिली. कुणी हसलं, कुणी हळहळलं, एका म्हातारीनं तर घरात कोण गेलं म्हणून विचारलं. आबा सगळ्यांना मोठ्यानं ओ देत होते. "कौशी बीजगनित घेतीया," ते प्रत्येकाला सांगत होते, जणू पेढेच वाटत होते. त्याबरोबर हेही सांगत होते, की सामान्य गणितानं सायन्सची वाट बंद होते, हे मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालंय, तुमच्या पोरांचं तुम्ही ठरवा.

देशमाने सर खुर्चीतून उठले.

"अध्यक्ष, हे काय केलंत?"

"ल्ह्या सर. कौसल्या तातोबा मेटकरी. बीजगनित आन भूमिती."

"पण शंभर टक्के..."

"ते आता तुमी बगा. माझं काम झालंय."

सरांनी लिहिलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा व्हरांड्यात माझ्या वर्गातली मंगल तिच्या वडिलांचा हात धरून उभी होती. तिच्या मागं आणखी काही जण होते. मंगलच्या वडिलांनी आबांच्या ओठाकडं बघितलं, मग खाली बघितलं आणि विचारलं, "तातोबा, डिप्लोमालाबी हेच लागतंय म्हनं?"

"लागतंय."

"मंग हिचंबी बदलून टाकतो. मिशी तर काय, गेलीच हाय."

शनिवारी यादी गेली तेव्हा सामान्य गणिताला फक्त तीन नावं उरली होती, आणि त्या तिघांनी ते विचार करून ठेवलं होतं.

पुढची दोन वर्षं सोपी नव्हती. बीजगणितानं मला रडवलं. पण त्या वर्षी गणिताला नवे मास्तर आले, आणि रविवारी शेख डॉक्टर आमच्या ओट्यावर बसून समीकरणं सोडवून घ्यायचे. आबा शेजारी बसून ऐकायचे आणि क्ष म्हणजे नक्की कोण, हे दर रविवारी नव्यानं विचारायचे. तोवर त्यांच्या ओठावर हळूहळू काळी रेघ आली, मग ती जाड झाली, मग पुन्हा खोबरेल लागायला लागलं.

दहावीचा निकाल लागला. मी पास झाले, गणितात चांगली पास झाले. मंगल माझ्यापुढं गेली. बीजगणित घेतलेल्यांपैकी कुणीही गणितात अडकलं नाही. पण निकाल शंभर टक्के लागला नाही. एकच पोरगा नापास झाला. तो देशमाने सरांचा भाचा, आणि तोही हिंदीत.

दुपारी करगावची जीप आमच्या दारात आली. संपतनाना उतरले. आबा ओट्यावर बसून मिशीला पीळ देत होते.

"काय तातोबा," नाना म्हणाले. "शंबर झालं न्हाईत म्हनं. भंडारा उचललावता न्हवं? चला, स्टँडवर खुर्ची मांडून ठेवलीया."

"नाना," आबा म्हणाले, "बोलीतली मिशी तुमच्याच स्टँडवर पडली. तुमीच हुता साक्षीला. ही दुसरी हाय. हिच्यावर आपली बोली न्हवती."

नाना असे हसले की जीपचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून काय झालं म्हणून बघायला आला. आईनं सगळ्यांना पेढे दिले. नानांनी दोन घेतले.

मी सायन्सला गेले. तालुक्याला राहून बारावी केली, मग शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. एवढी सगळी वर्षं मी मैत्रिणींना मिशीची गोष्ट सांगून हसवत आले. आमचे आबा असेच, थाटाचे, मांडवात उठून बोलणारे. हरायचं तरी गाजवून हरणारे. मला वाटायचं, ते त्यांनी हौसेनं केलं.

पदवी घेऊन घरी आले त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. आबांची मिशी आता पांढरी व्हायला लागली होती. मी सहज विचारलं, "आबा, त्या दिवशी तुमी करगावला गेलात, ते सरास्नी खोटं पाडाया का नानाची जिरवाया?"

"सराचा काय संबंद?" आबा म्हणाले. "तू वाटंत म्हनालीस न्हवं, मला गनित जमत न्हाई, मला डॉक्टर व्हयाचंच न्हाई."

"ते तर खोटंच हुतं."

"ठावं हाय की. लहानपनापास्नं तू मला कदी भ्याली न्हाईस. सरास्नीबी भ्याली न्हाईस, तोंडावर बोललीस. आन मिशीला भिऊन खोटं बोललीस." त्यांनी अंगणाकडं बघितलं. "फाट्यापतूर चालत गेलो तवर येकच डोस्क्यात. माझी पोरगी मन मारती, आन ते माझ्या तोंडावरच्या केसापायी. असली मिशी घिऊन मी तुझ्यासमोर जेवाया कसा बसू? म्हनलं, आज ही घरला जायाची न्हाई."

आबांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि आत आईला हाक मारून सांगितलं, की डॉक्टरीणबाईंना भूक लागलीय.